४१.१ अंश: अहमदाबादने आपल्या मृत्यूनोंदवहीतून उन्हाचा इशारा कसा काढला

मे २०१० मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या हद्दीत ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी तुलना केली, तर नेहमीचा आकडा ३,११८ निघतो. म्हणजे त्या एका महिन्यात १,३४४ माणसे जास्तीची गेली, ४३.१ टक्के वाढ. एरवी रोज शंभराच्या आसपास मृत्यू होणाऱ्या शहरात महिनाभर रोज सरासरी १४४ होत राहिले. साथ नव्हती, पूर नव्हता, दंगल नव्हती. पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला होता, एवढेच.

या वाढीतले फारच थोडे मृत्यू 'उष्माघात' म्हणून कागदावर आले, आणि हे सगळीकडेच होते. साठीच्या माणसाला दुपारी घरात घेरी येते, रात्री छातीत दुखते, पहाटे तो जातो. दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो आणि तो खोटाही नसतो. उन्हात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळवावे लागते, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, घामातून पाणी आणि मीठ गेल्याने रक्त दाट होते. आधीच दुबळे असलेले हृदय किंवा मूत्रपिंड तिथे हार मानते. उन्हाने मारले, पण नाव दुसऱ्याचे लागले. म्हणून उन्हाचे बळी मोजायचे तर मृत्यूचे कारण बाजूला ठेवून सगळे मृत्यू मोजावे लागतात आणि ते नेहमीपेक्षा किती वाढले ते पाहावे लागते. गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थचे संचालक राहिलेले डॉ. दिलीप मावळणकर हाच मुद्दा वर्षानुवर्षे मांडत आले आहेत.

अहमदाबादची उष्णता कृती योजना याच मोजणीतून निघाली. २०१३ च्या उन्हाळ्यात ती लागू झाली. दक्षिण आशियातल्या शहराची ही पहिली अशी योजना. महापालिका, गांधीनगरची वरील संस्था आणि नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही अमेरिकेतली पर्यावरण संस्था यांनी ती मिळून बांधली, अमेरिकेतल्या काही विद्यापीठांचे संशोधकही सोबत होते. ओडिशाने १९९८ च्या उन्हाळ्यात दोन हजारांवर माणसे गमावल्यावर राज्य पातळीवर काम सुरू केले होते, ते याआधीचे. पण एका महापालिकेने स्वतःच्या मृत्यूंवरून स्वतःचा इशारा ठरवावा, हे अहमदाबादेत प्रथम झाले. नंतर देशभर जे पसरले ते मात्र बहुतेक ठिकाणी त्या इशाऱ्याचे रंग होते, त्यामागची मोजणी नव्हे. हे प्रकरण तपशिलाने मांडण्याचे कारण तेच.

आकडा आला कुठून

भारतीय हवामान विभागाची उष्णतेच्या लाटेची व्याख्या अशी आहे: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश हवे, त्याशिवाय ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त हवे. ६.४ च्या वर गेले की तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, मैदानात पारा ४५ ला पोचला की लाट आणि ४७ ला तीव्र लाट. शिवाय हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे दिसावे लागते. जाहीर होते ते दुसऱ्या दिवशी.

हवामानशास्त्र म्हणून यात चूक काही नाही. अहमदाबादला मात्र ती अपुरी पडते. तिथे मे महिन्याचे सरासरी कमाल तापमानच ४१-४२ च्या घरात असते. त्यावर साडेचार अंश चढवले की ४६ होतात. म्हणजे प्रत्यक्षात ४५ ची पायरी आधी लागते. ४२, ४३, ४४ अंशांचे दिवस 'नेहमीचा उन्हाळा' ठरतात. शहरातल्या मृत्यूंची आणि तापमानाची रोजची आकडेवारी शेजारी ठेवली, तेव्हा माणसे त्या 'नेहमीच्या' दिवसांतही जास्त मरत होती हे दिसले. त्यावरून पायऱ्या ठरल्या: ४१.१ ते ४३ अंशांना पिवळा इशारा, ४३.१ ते ४४.९ ला नारिंगी, ४५ आणि वर लाल.

४१.१ हा आकडा विचित्र वाटतो, कारण तो मुळात फॅरनहाइटमधला १०६ आहे. आकड्यापेक्षा तो काढण्याची रीत महत्त्वाची आहे आणि ती कोणत्याही महापालिकेला जमण्यासारखी आहे. दहा वर्षांच्या मार्च ते जुलै या काळातले रोजचे मृत्यू घ्यायचे, नोंदणीच्या तारखेने नव्हे तर मृत्यूच्या तारखेने. कायद्याने २१ दिवसांपर्यंत नोंद विनाशुल्क करता येते, त्यामुळे नोंदणीच्या तारखेवर आलेख काढला तर लाट पंधरा दिवस पुढे सरकलेली दिसते आणि सगळा हिशोब फसतो. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत बाहेरगावचे रुग्ण मरतात. पत्त्यावरून ते वेगळे काढायचे. मग जवळच्या वेधशाळेचे रोजचे कमाल आणि किमान तापमान शेजारी मांडायचे, आणि त्याच दिवसाचा परिणाम पाहून न थांबता पुढच्या दोन-तीन दिवसांचाही पाहायचा. ज्या अंशापासून मृत्यूंची रेघ वर वळते, तिथे पहिली पायरी.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. एक म्हणजे लहान शहर. तीन लाख वस्तीच्या गावात दिवसाला पाच-सहा मृत्यू होतात. एखाद्या दिवशी नऊ झाले तर ते ऊन की योगायोग, हे सांगता येत नाही. अशा वेळी एकाच हवामानाची शेजारची शहरे एकत्र धरायची किंवा सात-सात दिवसांची बेरीज घ्यायची. दुसरे, लाटेनंतरचे दोन आठवडे. अत्यवस्थ माणसे लाटेत चार दिवस लवकर गेली असतील, तर नंतर मृत्यू नेहमीपेक्षा खाली येतात. ते तपासले नाही तर बळींचा आकडा फुगतो, आणि एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला की पुढच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

इशारा निघाल्यापासूनचे तास

योजनेचे वर्ष तीन भागांत चालते: जानेवारी ते मार्च तयारी, मार्च ते जुलै अंमल, आणि पावसाळ्यात झाडाझडती. तयारीत पत्रके छापणे, डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण, दवाखान्यांतला साठा तपासणे आणि दूरध्वनींची यादी ताजी करणे येते. यादीचे काम क्षुल्लक वाटते. पण एप्रिलमध्ये बदल्या होतात आणि मे महिन्यात इशारा जुन्या अधिकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर जाऊन पडतो. पहिली साखळी तिथेच तुटते. यादीत माणसाचे नाव लिहिण्याऐवजी पद लिहावे, प्रत्येक पदाला पर्यायी क्रमांक असावा आणि मार्चअखेर एकदा खोटा इशारा काढून तो कुठवर पोचतो ते पाहावे.

अंमलाच्या काळात आधी सात दिवसांचा शक्यता सांगणारा अंदाज वापरला गेला. पुढे हवामान विभागाचा पाच दिवसांचा अंदाज आला. तो महापालिकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळ्या खात्यांचा समन्वय पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो. पायरी ओलांडली जाणार असे दिसले की त्याच्याकडून एकाच वेळी सर्वांना निरोप: विभागीय कार्यालये, रुग्णालये आणि नागरी आरोग्य केंद्रे, १०८ रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, कामगार खाते, शिक्षण खाते, वृत्तपत्रे व वाहिन्या. नोडल अधिकारी एकच असणे हे या योजनेतले सर्वांत साधे आणि सर्वांत मोलाचे कलम आहे. त्याआधी हवामान खाते अंदाज देत होते, आरोग्य खाते रुग्ण पाहत होते आणि पाणी खाते टँकर पाठवत होते. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

नारिंगी किंवा लाल दिवशी बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, पाणपोया आणि टँकर वाढवायचे, रात्रनिवारे दिवसा खुले करायचे, १०८ च्या गाड्यांत बर्फाच्या पिशव्या आणि सलाईन भरून ठेवायचे, वस्तीतल्या आरोग्य सेविकांनी घरोघर जायचे. घरोघर म्हणताना कोणाच्या घरी हे ठरलेले हवे, नाहीतर पत्रक दारात टाकून परत येणे एवढेच होते. एकटे राहणारे म्हातारे, बाळंतीण आणि तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले, मानसिक आजाराची औषधे घेणारे (यातल्या काही औषधांनी घामच कमी येतो), रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे अशी यादी सेविकेकडे मार्चमध्येच असेल, तर चाळीस घरे एका दुपारी होतात.

२० मे २०१६ ला अहमदाबादेत ४८.० अंश नोंदले गेले, तोवरचा त्या शहराचा उच्चांक. योजना चालू असताना तिची एवढी कठोर परीक्षा घेणारा दुसरा दिवस सांगता येणार नाही.

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर

योजनेतली सर्वांत शिकवणारी गोष्ट एका महापालिका रुग्णालयातली आहे. २०१० च्या लाटेत तिथे नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात ताप आणि कोरडेपणाने येणारी बाळे वाढली. नंतर अभ्यास झाला तेव्हा आढळले, की ४२ अंशांच्या वर कमाल तापमान प्रत्येक अंशाने वाढले की उष्णतेमुळे दाखल होणारी बाळे ४३ टक्क्यांनी वाढतात. बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता, थेट गच्चीखाली. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर दाखल होणारी बाळे कमी झाली.

यंत्र नाही, औषध नाही, खाटा एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. नवजात बाळाला घाम नीट येत नाही, वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी असते, आणि आपल्याकडे मे महिन्यातही त्याला टोपडे-दुपट्यात गुंडाळून ठेवायची रीत आहे. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खाली सोडतो. बाहेर वारा गार झाला तरी वरच्या मजल्याची खोली पहाटेपर्यंत तापलेली राहते. महाराष्ट्रातल्या किती उपजिल्हा रुग्णालयांत प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावर आहे, हे मोजायला एक दिवस पुरेल.

मोठ्यांच्या उष्माघाताचे उपचारही योजनेने एका रीतीत बसवले. रीत पाळताना कुठे चुकते, ते नेमके सांगायला हवे. उष्माघात म्हणजे शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर आणि त्याबरोबर भान हरपणे: बरळणे, झटके, बेशुद्धी. नुसते ऊन लागून मळमळ, पेटके, थकवा येणे ही अलीकडची पायरी. तिथे सावली, पाणी, मीठ-साखर पुरते. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची; पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भान गेलेल्याच्या तोंडात मात्र काही घालायचे नाही, ते फुप्फुसात जाते.

भान गेले की घड्याळ सुरू होते. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर माणूस वाचण्याची आशा मोठी, उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड, मेंदू एकेक करून जातात. आणि इथेच सर्वाधिक चुका होतात.

पहिली चूक काखेत लावलेला थर्मामीटर. काखेतले तापमान आतल्यापेक्षा कमी दिसते, आणि साधा काचेचा थर्मामीटर ४२ ला संपतो. गुदमार्गे मोजणारा थर्मामीटर प्रत्येक उष्माघात कक्षात हवा. तो दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू आहे, तरी यादीत नसल्याने खरेदी होत नाही. दुसरी चूक पॅरासिटामॉल. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच तापमान वर ठेवतो आणि ही गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूने काही वाढवलेलेच नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य आणि यकृतावर भार. तिसरी चूक, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवून वाट पाहणे. बर्फाच्या पिशव्या मान, काख आणि जांघेत लावायच्या, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथे त्वचेजवळ आहेत. कपडे काढून अंगावर पाण्याचा फवारा आणि जोराचा पंखा. टब किंवा ताडपत्रीची खोळ करून बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवणे सर्वांत वेगवान. तापमान ३९ च्या जवळ आले की थांबवायचे, नाहीतर शरीर गरजेपेक्षा खाली घसरते. आणि हे रुग्णालयात पोचल्यावर नव्हे तर जिथे माणूस पडला तिथे सुरू करायचे, रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना.

खिशात कांदा ठेवण्याची सवय विदर्भ-मराठवाड्यात आहे. खाल्लेला कांदा पाणी देतो, खिशातला काही करत नाही. कोणाची श्रद्धा मोडायला जाऊ नये, पण पाण्याची बाटली त्याच खिशात बसते हे सांगावे.

'उष्माघात कक्ष' नावाचा फलक लावलेली खोली आणि खरा कक्ष यांतला फरक बर्फात असतो. रोज किमान दहा-पंधरा किलो बर्फ कुठून येणार, वीज गेली तर शीतपेटी किती तास टिकेल, जवळच्या बर्फ कारखान्याशी मार्चमध्ये बोलणे झाले आहे का? हे विचारले की दोन मिनिटांत कळते.

छत, मजुरी आणि रात्र

अहमदाबादच्या पूर्व भागातल्या जुन्या गिरणगावात आणि झोपडवस्त्यांत पत्र्याची व सिमेंटच्या पत्र्याची छते आहेत. अशा घरात दुपारी बाहेरपेक्षा आत जास्त तापते. 'दुपारी घराबाहेर पडू नका' हा सरकारी सल्ला त्या घरातल्या बाईला लागू पडत नाही. ही त्रुटी लक्षात आल्यावर २०१७ मध्ये योजनेला पांढऱ्या छतांची जोड मिळाली. पहिल्या टप्प्यात सुमारे तीन हजार छते रंगवली गेली. पांढरे छत घरातले तापमान २ ते ५ अंशांनी खाली आणते.

रंगवताना पदार्थ छताप्रमाणे निवडावा लागतो. काँक्रीटच्या गच्चीवर साधा चुना चालतो: आदल्या रात्री भिजवून, सकाळी गाळून, चिकटण्यासाठी डिंक किंवा खळ मिसळून दोन हात. त्याआधी गच्ची झाडून, धुऊन, पूर्ण वाळवायची. धुळीवर मारलेला चुना आठवड्यात सुटतो. गुळगुळीत पत्र्यावर चुना धरतच नाही, तिथे परावर्तक रंग लागतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पावसात चुना वाहून जातो, म्हणून दर वर्षी होळीच्या आसपास पुन्हा हात द्यावा लागतो. पहिल्या वर्षी छायाचित्रे निघतात, दुसऱ्या वर्षी निधी नसतो. अशा योजना मरतात त्या तिसऱ्या उन्हाळ्यात. तेलंगणाने २०२३ मध्ये २०२८ पर्यंतचे शीत छत धोरण आणून मोठ्या इमारतींना ते बंधनकारक केले. एकेक वस्ती रंगवत बसण्यापेक्षा बांधकाम परवान्यात अट घालणे स्वस्त पडते.

मजुरांच्या बाबतीत योजना सर्वांत दुबळी राहिली आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवण्याचा सल्ला कागदावर आहे. पण रोजंदारीवरचा माणूस चार तास सावलीत बसला तर त्याची अर्धी मजुरी जाते, ती कोण देणार? कामाची वेळ सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ७ अशी मोडली तर मजुरी वाचते, पण त्यासाठी मुकादमावर बंधन हवे. नाक्यावर उभ्या मजुराला तशी अट घालता येत नाही. अहमदाबादेतच जन्मलेल्या 'सेवा' या स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून उन्हाचा विमा सुरू केला. ठरावीक तापमान ओलांडले की दावा न करता सभासद बाईच्या खात्यात थोडे पैसे जमा होतात. महाराष्ट्रातल्या सभासदही त्यात नंतर आल्या. दिवस बुडाल्याची थोडी भरपाई करणारी ही कल्पना सरकारी योजनेतून यायला हवी होती.

रात्रीचा विचार तर रंगांच्या इशाऱ्यात नाहीच. तिन्ही पायऱ्या कमाल तापमानावर आहेत. किमान तापमान ३० च्या खाली उतरले नाही, तर दिवसभर तापलेले शरीर रात्री सावरत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ४२ अंशही ४५ सारखे लागतात. सलग किती रात्री गेल्या, हा रकाना इशाऱ्यात जोडायला एक ओळ पुरेल.

किती जीव वाचले

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनाने योजनेआधीची २००७ ते २०१० ही वर्षे आणि नंतरची २०१४, २०१५ ही वर्षे ताडून पाहिली. अंदाज निघाला: वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. ४७ अंशांच्या दिवशी मृत्यूचा धोका नेहमीच्या २.३४ पट होत असे. योजनेनंतर तो १.२५ पट. सर्वांत मोठी घट सर्वांत तप्त दिवसांतच दिसली. योजना काम करत असेल तर घट दिसायला हवी ती तिथेच.

हा आकडा वापरताना एक सावधगिरी हवी. तुलनेला योजना नसलेले दुसरे शहर घेतलेले नाही. त्या वर्षांत वीज, पाणी, पंखे, दवाखाने सुधारले असतील, २०१० च्या धक्क्याने लोक स्वतःही जपू लागले असतील. त्यातला कोणता वाटा योजनेचा, हे या पद्धतीने वेगळे करता येत नाही. तरीही घट खरी आहे, आणि ती सांगता आली कारण आधीचे मृत्यू मोजलेले होते. ज्या शहराने आधी मोजले नाही, त्याला नंतर आपल्या योजनेने काय साधले हेही सांगता येणार नाही.

रंग पोचले, मोजणी राहिली

२०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उष्णतेच्या लाटेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी नागपूर आणि आसपासच्या भागासाठी विदर्भातली योजना आली. २०१९ पासून राष्ट्रीय हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रमाखाली दर उन्हाळ्यात रुग्णालयांकडून उष्माघाताच्या नोंदी मागवल्या जातात. योजनांची संख्या भराभर वाढली. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने १८ राज्यांतल्या ३७ योजना वाचून काढल्या. स्थानिक पायऱ्या ठरवलेल्या योजना १० निघाल्या. कोण जास्त धोक्यात आहे याची पाहणी केलेल्या २. पैसा कुठून येणार हे लिहिलेल्या ११, आणि त्यातल्या ८ मध्ये 'संबंधित खात्यांनी आपापल्या तरतुदीतून करावे' एवढेच. योजनेच्या पहिल्या दशकभरात उष्णतेची लाट राष्ट्रीय आपत्तींच्या यादीतही नव्हती. राज्यांना आपत्ती निधीतला जास्तीत जास्त दहा टक्के भाग स्थानिक आपत्ती म्हणून वापरण्याची मुभा होती, तेवढीच.

पायऱ्या स्थानिक नसल्या तर काय होते, त्याचे उत्तर १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये मिळाले. राज्य सरकारच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लाखो लोक मोकळ्या मैदानात बसले होते. १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. अहमदाबादच्या तक्त्यात ३८ अंशांना पिवळा रंगसुद्धा नाही.

किनाऱ्यावर मारतो तो दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर गार होत नाही. म्हणून कोकणात इशारा नुसत्या कमाल तापमानावर काढणे चूक. तापमान आणि आर्द्रता मिळून काढलेला आकडा हवा. उपचारातही हाच फरक पडतो. फवारा आणि पंखा नागपुरात, अकोल्यात चांगला चालतो. पनवेल किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत त्याचा जोर ओसरतो, तिथे बर्फाचे पाणीच लागते. शिवाय खारघरचे मैदान म्हणजे तासन् तास एका जागी बसलेली गर्दी: पहाटे निघालेली, धड न खाल्लेली, जागा जाईल म्हणून पाण्यासाठी न उठणारी आणि स्वच्छतागृह दूर म्हणून पाणीच न पिणारी. सभेच्या परवान्यात मांडव, दर ठरावीक अंतरावर पाणी, बर्फासह वैद्यकीय मंडप आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतरची वेळ ही अट घालणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे.

महाराष्ट्रातल्या महापालिकेने सुरुवात कुठून करावी

पहिला महिना नोंदवहीचा. जन्म-मृत्यू विभागाकडून दहा वर्षांचे दिनांकवार मृत्यू, वय, लिंग, प्रभाग आणि शहरातला की बाहेरचा ही खूण, एवढे पाच रकाने मिळवायचे; नाव-पत्ता लागत नाही. तापमान हवामान विभागाच्या पुणे कार्यालयातून मागवता येते. हे काम वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागातला एक पदव्युत्तर विद्यार्थी दोन महिन्यांत करू शकतो, त्याच्या प्रबंधाचा विषयही होतो. जळगाव, अकोला, चंद्रपूर, नागपूर, परभणी इथे वळणबिंदू वेगवेगळा निघेल, आणि निघायलाच हवा. नागपूरसारख्या ठिकाणी मे महिन्याची सरासरीच ४२ च्या पुढे असल्याने पहिली पायरी अहमदाबादपेक्षा वर लागू शकते; सातारा किंवा कोल्हापूरची बरीच खाली.

मृत्यूची नोंद उशिरा होते, म्हणून चालू उन्हाळ्यासाठी दुसरा झरा लागतो: स्मशानभूमी आणि दफनभूमीचे रोजचे पास. रोज सकाळी दहापर्यंत प्रत्येक स्मशानातून कालचा आकडा नोडल अधिकाऱ्याला कळवायचा. त्या तारखेची गेल्या पाच वर्षांची सरासरी शेजारच्या रकान्यात आधीच छापलेली असावी. सलग दोन दिवस आकडा सरासरीच्या सव्वापट झाला, तर अंदाज काहीही असो, इशारा एक पायरी वर न्यायचा.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो रोजचा एक दूरध्वनी आणि सुटीच्या दिवशीही तो घेणारा एक माणूस. मार्च ते जुलै धरून १५३ दिवस होतात. त्या माणसाच्या कामाच्या आदेशात रविवार, गुढीपाडवा आणि १ मे यांचा स्पष्ट उल्लेख करावा.